पुस्तकांचे खाकी कपडे

गुरुजी, तुमच्या पुस्तकांना मधे वर्षभर खाकी कपडे घातले होते, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी गाव गोळा करून आरडाओरडा केला असता. मी केला नाही. का केला नाही ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, आणि आता माझ्या नातीला कळेल, कारण मी सांगते आणि ती लिहिते. अंबाजोगाईला नर्सिंगला असते, चार दिवसांच्या सुट्टीवर आली आहे. मी 'लई' म्हणते तिथं ती 'खूप' लिहिते आणि वर मलाच दटावते, "आजे, पत्र हाय, भांडण न्हाई. सावकाश बोल." तेव्हा यात काही शहाण्यासारखं वाटलं तर ते तिचं समजा. बाकीचं माझं.

तुम्हाला आठवतंय का, मी पहिल्यांदा झाडू घेऊन आले तो दिवस? आदल्या साली उसाच्या फडात माझ्या पायात कोयता बसला होता, म्हणून त्या दिवाळीनंतर घरचे सगळे ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले आणि मी लंगडी मागं राहिले. ग्रामपंचायतीच्या शेजारच्या खोलीत तुम्ही नुकतं वाचनालय मांडलेलं, तुम्हाला झाडलोट करणारं माणूस हवं होतं. मी घरचं शेण सारवून तशीच आले आणि खाली पडलेलं एक पुस्तक उचलून ठेवलं. तुम्ही केवढ्यानं ओरडलात! "अगं, ती गोवरी आहे का?" म्हणालात. मी म्हटलं, "गोवरी असती तर निदान चहा तरी झाला असता." तुम्ही रागानं लाल झालात, मग हसू दाबायला तोंड फिरवून कपाटाशी बोलू लागलात. त्या पुस्तकावर माझी चार बोटं उमटली ती कायमची. पुढं ते पुस्तक मी लांबूनही ओळखायची. तशीच सगळी ओळखायची मी. पाठ उसवलेलं, हळदीचा डाग पडलेलं, कोपरा उंदरानं खाल्लेलं, जुन्या तपकिरीचा वास येणारं.

मग तुम्ही पाटी आणलीत. नवी कोरी, लाकडी चौकटीची. दुपारी तुम्ही खोलीत पोत्यावर, मी बाहेर उंबऱ्याशी, दार सताड उघडं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं की मास्तर बाईला शिकवतायत, दुसरं काही नाही. धडा झाला की बक्षीस म्हणून तुम्ही एक गोष्ट वाचून दाखवायचात. धड्याचं एक अक्षर डोक्यात राहायचं नाही, गोष्टीतला शब्दन् शब्द राहायचा. पाचसहा महिने असं चाललं. मग ती पाटी फुटली. शेळीनं पाय दिला, असं मी सांगितलं. तुम्ही आमच्या दारात येऊन त्या शेळीसमोर उभे राहिलात आणि तिला म्हणालात, "अक्षरशत्रू आहेस तू." गल्लीतली माणसं अजून त्यावर हसतात. दुसरी पाटी तुम्ही आणली नाही. वाचून दाखवणं मात्र थांबवलं नाही. शाळा सुटली की तुम्ही वाचायचात, मी झाडता झाडता ऐकायची, आणि असं करत करत त्या दोन कपाटांतलं एकेक पुस्तक माझ्या कानातून गेलं.

तुम्ही घातलेला रिवाजही मी मोडला नाही. आपल्याकडे कुणी पुस्तक नावानं मागायचं नाही. येऊन आपलं काय चाललंय ते सांगायचं, आणि आपण कपाट उघडून द्यायचं. कपाटात दुसऱ्यानं हात घालायचा नाही. दिलेलं न वाचता परत करायचं नाही, ताटात वाढलेलं टाकतात का? तुम्ही होता तोवर तुम्ही दिलंत. तुमची छाती भरली आणि पंच मंडळी विचारायला आली की किल्ली कुणाकडे द्यायची, तेव्हा तुम्ही खाटेवरनं माझ्याकडे बोट केलंत. कुणीतरी म्हणालं, "तिला वाचता येतं का पण?" तुम्ही जन्मात खोटं बोलला नव्हता. तुम्ही म्हणालात, "येतं. मी शिकवलंय." मी खराटा धरून दारात उभी. मंडळी गेल्यावर मला म्हणालात, "आता एवढंच कर. मला खोटं पाडू नकोस."

(नात पेन खाली ठेवून माझ्याकडे बघते आहे. मी म्हटलं, "काय बघतीस? तुझ्या आजीला वाचता येत न्हाई." तर म्हणते कशी, "मला सहावीपासनं ठाऊक हाय. तू पेपर उलटा धरून हवालदाराला बातमी सांगत हुतीस." मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? "तू सांगशील म्हणून थांबले." अशी ही कारटी.)

नाही पाडलं मी तुम्हाला खोटं. सही काढायला तुम्ही शिकवली होतीत, पहिल्यांदा झोपडी, मग साप, मग दोन चुली, शेवटी रेघ. ती मी रांगोळीसारखी काढते. वहीत नोंद ज्याची त्यानं करायची, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं सगळ्यांना सांगून ठेवलं. मोफत शिबिरात मिळालेला चष्मा नाकावर ठेवला की अर्धी विद्या आपोआप येते, हे मला त्या चष्म्यानं शिकवलं.

आता मंडळाचं सांगते. जिल्ह्यातल्या वाचनालयांना हातभार लावणारं एक मंडळ आहे. भली माणसं आहेत, कुणाचा चहासुद्धा फुकट पीत नाहीत. त्यात दोघं मुख्य. एक बाई, मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या 'वाचनसंस्कृती' हा शब्द असा उच्चारतात की आपोआप पदर डोक्यावर घ्यावासा वाटतो. दुसरे अप्पा, त्यांचं अंबाजोगाईला कापडाचं दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, आणि समोर काहीही आलं की ते हातानं मोजायची सवय. आपलं कपाट पाहिलं तर आधी मोजलं, दोन हात भरलं. मंडळानं आपल्याला लोखंडी कपाटं दिली, पंखा दिला, नवी पुस्तकं दिली. नवी पुस्तकं 'तुझा सराव होईल' म्हणत नातीकडून वाचून घेतली, ती मावशीच्या लेकीसारखी हळूहळू ओळखीची झाली. सगळं बरं चाललं होतं.

मग एक दिवस ते दोघं खाकी कागदाचे गठ्ठे घेऊन आले. पुस्तकं फाटतात, मळतात, म्हणून सगळ्यांना कव्हरं. मी नारायणगडाला जत्रेला गेले होते, किल्ली सरपंचाकडे ठेवून. दोन दिवस खपून त्यांनी एकूणएक पुस्तकाला कव्हर घातलं. अप्पांची घडी म्हणजे काय विचारता, जशी लग्नाच्या पातळाची. बाईंनी पाठीवर पांढरी चिठ्ठी चिकटवून मोत्यासारख्या अक्षरात नाव लिहिलं. परत आले, कपाट उघडलं, आणि पोलीस भरतीला पोरं उभी असावीत तशी सगळी पुस्तकं खाकीत, छाती काढून, एकसारखी उभी. डाग गेला, उसवलेली पाठ गेली, माझी चार बोटं गेली. वाससुद्धा गेला, नुसता खळीचा वास. बाई म्हणाल्या, "आजी, कसं वाटतंय?" मी म्हटलं, "बोलायलाच काही उरलं न्हाई." त्यांना वाटलं मी भारावले.

कव्हरं काढायची म्हटली तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं तर तुम्ही खोटे. शिवाय मंडळाचा नियम आहे, किल्ली ज्याच्याकडे त्याला लिहितावाचता आलं पाहिजे. नातीला बोलवावं तर तिच्यापुढंही सोंग होतंच की. म्हणून मी काय केलं, तर तुमच्या रिवाजाला चिकटून राहिले. माणूस येऊन आपलं सांगायचा, मी चष्मा चढवून कपाटासमोर उभी राहायची, "हं" म्हणायची, आणि हाताला येईल ते काढून द्यायची.

पहिला बळी मुकादम. टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी आला, मिशीला पीळ देत. "मावशे, फडावर लई करमत न्हाई. मारामारीचं काहीतरी दे, जाडजूड." मी जाडजूड दिलं. ते निघालं बाळंतपण आणि बाळाची निगा. बिचाऱ्यानं घाईत वहीतली नोंदही पोराकडून करवली, त्याला कळलं तेव्हा ट्रॅक्टर पार कारखान्यावर पोचलेला. पाच महिने दुसरं वाचायला काही नाही. उन्हाळ्यात परत आला, मला वाटलं आता शिव्या खायच्या. पण हा आला आणि पुस्तक कपाळाला लावून ठेवलं. टोळीत एक पोटुशी होती, तिच्या डोक्यावर मोळी द्यायची नाही म्हणून यानं तिच्या नवऱ्याशी आणि गाडीवाल्याशी भांडण केलं, शेवटच्या महिन्यात तिला नुसती कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, बसवून ठेवली. पोरगी झाली, धडधाकट. मला म्हणतो, "मावशे, तुला आधीच ठाऊक हुतं व्हय, ती पोटुशी हाय म्हणून?" मी चष्मा वर केला. तो म्हणाला, "ह्याचा दुसरा भाग हाय का?"

तिथून सगळं बिघडलं, म्हणजे सुधारलं. निवृत्त हवालदारानं युद्धाची गोष्ट मागितली, त्याला रांगोळीचं पुस्तक गेलं. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी त्याच्या बायकोनं येऊन सांगितलं की दार लावून फरशीवर ठिपके मोजत बसतात, आणि घरात आवाज नाही, शांतता आहे, तर हे पुस्तक परत मागू नका. नवी नवरी पाकक्रिया मागायला आली, तिला पाणबुडी मोटार दुरुस्तीचं मिळालं, आता सासरा विहिरीवर तिला हाक मारतो. मी चुकते आहे असं एकाच्याही मनात आलं नाही. उलट लोक विचार करायला लागले. 'आजीनं हेच का दिलं असंल?' पारावर त्यावर वाद व्हायचे. पूर्वी जे पुस्तक घरी नेऊन नुसतं उशाला घ्यायचे ते आता पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला लागले, माझ्या मनात काय होतं ते हुडकायला. माझ्या मनात काय होतं? गुडघा दुखत होता, म्हणून खालच्या कप्प्यातलं काढत नव्हते, एवढंच.

वही भरत चालली. मंडळात बोभाटा झाला. बाई वही घेऊन आल्या आणि समोर बसल्या, "आजी, तुमची पद्धत सांगा." मी म्हटलं, "पद्धत कसली, देवाचं नाव घ्यायचं आन् हात घालायचा." त्यांनी ते लिहून घेतलं. अप्पा मात्र कपाटाकडे बघत होते, मधेच माझ्या हाताकडे. मी हात पदरात घेतले.

आता हसण्याचं झालं, दुसरं सांगते. खालच्या गल्लीतली एक बाई आली. तिचा नवरा दोन महिन्यांपूर्वी गेला होता. येऊन उंबऱ्यावर बसली, मी धड्याला बसायची त्या जागेवर. म्हणाली, "आजी, जेवाय बसलं की घास उतरत न्हाई. काहीतरी दे." गुरुजी, अशा माणसाला काय द्यायचं ते आपलं ठरलेलं. ते पातळ पुस्तक, ज्यातला म्हातारा बायको गेल्यावरही रोज दोन ताटं वाढतो. निळं, कोपरा दुमडलेलं. गावात कुणाचं माणूस गेलं की ते त्या घरी जायचं आणि दिवस घालून परत यायचं. तुम्ही गेलात तेव्हा ते मी माझ्या घरी नेलं होतं. वाचायचा प्रश्न नव्हता, नुसतं जवळ ठेवलं. मी कपाटासमोर उभी राहिले. पातळ पुस्तकं चाळली, तीसेक असतील, सगळी खाकी. एक उघडलं, मुंग्या. दुसरं उघडलं, मुंग्या. हवालदाराला रांगोळी चालते, मुकादमाला बाळंतपण चालतं, पण हिला हाताला येईल ते द्यायचं? मला धीर झाला नाही. मी कपाट लावलं आणि म्हटलं, "बाई, आज वाचनालय बंद हाय." ती म्हणाली, "उघडं तर हाय की." मी म्हटलं, "बंद हाय." ती उठून गेली. इतक्या वर्षांत कुणाला हात हलवत परत पाठवलं ते त्या एका दिवशी.

त्याच आठवड्यात अंबाजोगाईला मेळावा होता, जिल्ह्यातल्या सगळ्या वाचनालयांची माणसं. मला शाल, नारळ आणि चौकटीतला कागद. मंडळाच्या बाई माइकवर म्हणाल्या की खाकी कव्हरांची योजना आमच्या गावात इतकी फळली की येत्या हंगामात मंडळ प्रत्येक वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालणार, आणि आजी सगळ्यांना पद्धत शिकवतील. जिल्हाभर खाकी! कुठं तरी माझ्यासारखी अजून एखादी असेल, चष्म्याआड लपलेली. कुठं तरी अजून एखादी बाई उंबऱ्यावरून उठून जाईल. मी माइकपाशी गेले. तुमचा चेहरा डोळ्यांपुढं आला, खाटेवरचा. मी मनात म्हटलं, गुरुजी, माफ करा, आणि बोलले, "मला वाचाय येत न्हाई."

सगळा मंडप हसला.

मी म्हटलं, "हसू नगा. एक अक्षर येत न्हाई. तुमी कव्हरं घातली आन् मी आंधळी झाले. तवापासनं हाताला येईल ते देते." ते अजून हसले. पहिल्या रांगेतला एकजण तर हसून हसून डोळे पुसायला लागला. बाई पुढं आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पाहिलंत? ज्याला सगळं येतं तोच म्हणतो, मला काही येत नाही. हीच खरी विद्वत्ता!" टाळ्या थांबेनात. मला म्हणाल्या, मानपत्र वाचून दाखवा. मी म्हटलं, "चष्मा गाडीत राहिला." म्हणजे बघा, खरं बोलले ते कुणी मानलं नाही आणि खोटं बोलले ते लगेच पटलं.

परत येताना जीपमध्ये अप्पा आणि मी. मांजरसुंब्याला धाब्यावर चहाला थांबलो. अप्पांनी कप पुढं सरकवला आणि विचारलं, "आजी, ते खरं हुतं न्हवं?"

"काय?"

"माइकवर बोललात ते."

"सगळे हसले की."

"मी न्हाई हसलो." मग आपल्या चहाचा एक घोट घेतला. म्हणाले, "माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. पण दुकानात गादीवर बसायची ती. चिमटीत धरून कापड सांगायची, कुठल्या पेठेतलं, किती धुण्यांत जाईल. एकदा मी हौसेनं सगळे तागे एकसारख्या पिशव्यांत घातले. दिवसभर बोलली न्हाई माझ्याशी." मग म्हणाले, "तुमची कव्हरं मीच घातली. लई मन लावून."

त्यांचा चेहरा इतका पडला की मीच समजूत घातली. "घड्या मात्र लई सुरेख हुत्या, अप्पा."

मी विचारलं, आता किल्लीचं काय? नियम आहे न्हवं? अप्पा म्हणाले, "नियम हाय. पण माइकचा आवाज लई घुमत हुता. मला काही ऐकू आलं न्हाई."

पुढच्या सोमवारी जीपमधून उतरले ते दुकानातल्या तुकड्यांचं बोचकं घेऊन. खण, मांजरपाट, चिटाचं कापड, दोरव्याचं, घोंगडीचा एक तुकडासुद्धा. खाली फरशीवर बसलो दोघं. ते चिठ्ठीवरचं नाव वाचायचे, मी ते पुस्तक सांगायची, आणि ते ऐकून कापड निवडायचे. शेळ्यांच्या पुस्तकाला घोंगडी. राजेरजवाड्यांच्या गोष्टींना खण. बाळंतपणाला जुनं मऊ धोतर, दुपट्यासारखं. एकदोन गोष्टी मी पूर्णच सांगितल्या, तेवढा वेळ त्यांची सुई हवेतच. निळं पातळ पुस्तक सापडलं तेव्हा मी म्हटलं, याला काही घालू नका. अप्पांनी कारण विचारलं नाही. ते पुस्तक मी पदराखाली घेऊन खालच्या गल्लीत गेले, त्या बाईच्या हातात दिलं आणि म्हटलं, "उघडलं बाई वाचनालय." तिनं पाट मांडला. मला जेवायला बसवलं आणि समोर स्वतःही ताट घेतलं.

पंधरा दिवसांनी मंडळाच्या बाई आल्या. कपाट उघडून बघतच राहिल्या. "अप्पा, कापड कशाला?" अप्पा म्हणाले, "कागद उंदीर खातात." "कापड नाही खात?" "आमच्या दुकानातलं न्हाई खात." बाईंनी वहीत लिहून घेतलं. आता जिल्हाभर कापडी कव्हरं शिवायचं चाललं आहे, खाकीचे गठ्ठे अप्पांच्या माळ्यावर पडले आहेत.

पण गावाचं काय सांगू तुम्हाला? ज्याला जे हवं ते मी पुन्हा नीट द्यायला लागले तर माणसं हिरमुसली. मुकादम परवा आला, मारामारीचं मागितलं, मी मारामारीचं दिलं. उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "मावशे, तुझं आता वय झालं. पयल्यासारखं देत न्हाईस." आता कुणी फारच तोऱ्यात आलं की मी डोळे मिटते आणि गुडघ्याला झेपेल त्या कप्प्यात हात घालते.

हे पत्र कुठं टाकू, नात विचारते. तुमचा पत्ता पोस्टमनला सांगता येण्यासारखा नाही. अप्पांनी एक खाकी कव्हर आठवण म्हणून ठेवलं आहे, त्यात घालून मधल्या कप्प्यात उभं करीन. कुणाच्या हाताला लागलं तर लागलं, दिलेलं न वाचता परत करायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

एक राहिलं. ज्या दिवशी पाटी फुटली, त्या दुपारी तुम्ही म्हणाला होतात, "अजून महिनाभर नेट लाव, मग तुझी तू वाचशील. मला वाचून दाखवायची कटकट नाही." तुम्ही सहज म्हणालात. मी घरी येईपर्यंत तेच मनात घोळवत आले.

शेळीनं पाय दिला नव्हता, गुरुजी. त्या मुक्या जनावरानं मरेपर्यंत माझा आळ सोसला. पाटी मीच फोडली.